न कोसळलेली दरड

टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये चढ म्हणून एकच आहे, फ्रीवेवरून पलीकडे जाणारा पूल. रविवारी सकाळी, ऊन आणि दमटपणा अंगावर यायच्या आत, मी सायकल घेऊन त्या पुलावर जातो. पलीकडे उतरतो, वळतो, पुन्हा चढतो. असं बारा वेळा. माझी तेरा वर्षांची मुलगी एकदा बरोबर आली होती. चौथ्या फेरीला म्हणाली, "बाबा, पीपल आर स्टेअरिंग."

"बघू देत," मी म्हटलं.

हे उत्तर माझं नव्हे. ते मी फ्रीमाँटच्या काकूंकडून उचललं आहे. आणि काकूंबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. मी त्यांच्याशी चार महिने खोटं बोललो. तेही अशा गोष्टीबद्दल, जिच्याइतकी दुसरी कुठलीच गोष्ट त्यांना त्या वर्षी हवी नव्हती.

काकू माझ्या तेव्हाच्या घरमालकीण. माझी नोकरी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला लागली तेव्हा बायकोची हॉस्पिटलमधली नोकरी आणि मुलीची शाळा सोडवेना, म्हणून त्या दोघी टेक्ससमध्येच राहिल्या आणि मी फ्रीमाँटमध्ये एक खोली शोधली. टाउनहाउसचं दार एका उंच, सडसडीत बाईंनी उघडलं. वय एकोणसत्तर. अंगात लांब बाह्यांचा सुती कुर्ता, सलवारीच्या दोन्ही पायांना घोट्याजवळ काळी रबरं. मुलाखत उभ्यानंच झाली.

"स्वयंपाक येतो?"

"पोटापुरता."

"सायकल?"

मला वाटलं, चुकून विचारलं. "येते. म्हणजे बारावीपर्यंत चालवत होतो."

"मग येते. माणूस सायकल विसरत नाही, दम विसरतो. शनिवारी सकाळी सहाला निघायचं. खोली वर डावीकडे."

पुढे सगळा उलगडा झाला. आदल्या वर्षी एका उतारावर खडीवरून चाक घसरून काकू पडल्या होत्या. मनगट मोडलं होतं. न्यू जर्सीहून त्यांचा मुलगा धावत आला, दोन आठवडे राहिला आणि जाताना नियम घालून गेला, की एकटीनं सायकलवर जायचं नाही. काकूंनी नियम मोडला नाही. त्यांनी भाडेकरू ठेवला. मला त्या शेवटपर्यंत "अहो भाडेकरू" अशीच हाक मारायच्या, भाजीच्या दुकानातसुद्धा.

त्यांची सायकल जुनी, लोखंडी, जड. मागच्या चाकाला मात्र त्यांनी दुकानदाराशी हुज्जत घालून जेवणाच्या ताटलीएवढं दातेरी चक्र बसवून घेतलं होतं. त्यामुळे त्या पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं कुठलाही चढ चढू शकत. फ्रीमाँटच्या मागे, कॅन्यन ओलांडला की पाच मिनिटांत शहर संपतं. ओकची झाडं, गुरांची कुंपणं, मैलामैलावर एखादी पत्रपेटी आणि त्यामागे न दिसणारं घर. या रस्त्यांवर शनिवारी अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले सायकलवाले झुंडीनं येतात. "ऑन युअर लेफ्ट!" असं ओरडत ते आम्हाला ओलांडायचे. काकू प्रत्येकाला सावकाश म्हणायच्या, "जा बाबा, जा." मला सुरुवातीला शरम वाटायची. लोक बघतात, असं मी एकदा म्हटलं.

"बघू देत. वेग हा त्यांचा विषय आहे. आपला विषय चढ."

चढ हा त्यांचा विषय कसा झाला, हे त्यांनी मला एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर दाखवलं. टेबलावर जेवण कधी नसायचं. तिथे ट्रेसिंग पेपर, मोजपट्ट्या आणि टोकदार पेन्सिली असायच्या. जेवण आम्ही ओट्याशी उभ्यानं करायचो. काकू साताऱ्याला बांधकाम खात्यात नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसर म्हणून लागल्या आणि हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्या. बाई असल्या तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. तीस वर्षं त्यांनी घाटरस्त्यांची एल-सेक्शनं काढली. म्हणजे रस्ता सरळ ताणून बाजूनं चिरला तर जसा दिसेल, तसं चित्र. कुठे किती चढ, कुठे डोंगर कापायचा, कुठे भराव.

"किती घाट काढले असतील?" मी विचारलं.

"सोळा."

"आणि चढलात किती?"

"एकही नाही." पेन्सिलीला टोक करता करता त्या म्हणाल्या. "बायकांना साइटवर नेत नसत."

अमेरिकेत आल्यावर, नवरा गेल्यावर, मुलगा कामानिमित्त न्यू जर्सीला गेल्यावर त्यांनी सायकल घेतली आणि उलटा उद्योग सुरू केला. आधी चढायचं, मग काढायचं. प्रत्येक शनिवारी घरी आलं की अंघोळीच्या आधी एल-सेक्शन. भिंतीवर अशी बावीस चित्रं होती. रस्त्यावर त्यांचं कौतुक आणि नाराजी दोन्ही मोठ्यानं चालायची. एखादं वळण बाहेरच्या कडेनं पुरेसं उचललेलं नसलं की सायकल थांबवून, मान हलवून, "झोपेत केलंय," म्हणायच्या. गाई कुंपणाशी येऊन ऐकायच्या. एकदा एका रँचवाल्या म्हाताऱ्यानं ट्रक थांबवून काही मदत हवी का विचारलं, तर काकूंनी त्याला त्याच्या दारातला नाला कुठल्या बाजूला तुंबणार ते समजावून सांगितलं. पुढच्या वेळी तो नाला साफ केलेला होता. म्हाताऱ्यानं टोपी काढून सलाम केला. "बघा, ऐकणारा इंजिनिअर," काकू मला म्हणाल्या.

तेविसावी जागा भिंतीवर रिकामी होती. ती सॅन होजेच्या पूर्वेच्या मोठ्या डोंगराची. एकोणीस मैलांचा रस्ता, मधे दोन उतार, शेकडो वळणं, माथ्यावर दुर्बिणींची पांढरी घुमटं. दुर्बिणींचं सामान घोडागाड्यांनी वर न्यायचं म्हणून दीडशे वर्षांपूर्वी हा रस्ता आखला. "घोड्याला झेपेल असा चढ दिलाय," काकू सांगायच्या, "कुठेही जनावराला मारावं लागणार नाही. असा माणूस आमच्या खात्यात असता तर!" मुलानं टाउनहाउस विकायला काढलं होतं. जूनअखेर किल्ली द्यायची आणि काकूंनी कायमचं न्यू जर्सीला जायचं, हे ठरलं होतं. त्याआधी हा एक घाट चढायचा होता.

जानेवारीत मुलाचा मला फोन आला. "तुम्ही जरा तिला समजावा ना. एकोणीस माइल्स, यार! ती माझं ऐकत नाही. मला इथे झोप लागत नाही."

"बघतो," मी म्हटलं.

त्या आठवड्यात खूप पाऊस झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मार्चमध्ये मोठ्या डोंगराला जाऊ. तोवर पाय तयार होतील." आणि मी, एक क्षणही विचार न करता, म्हणालो, "तो रस्ता बंद झालाय काकू. दरड कोसळलीय."

खोटं बोलण्याचा मला सराव होता, हेही सांगून टाकतो. महिन्यातून एकदा टेक्ससला जायचं मी मुलीला कबूल केलं होतं. तिच्या पोहण्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तिला फोन करून सांगितलं होतं, "फ्लाइट कॅन्सल झाली, बेटा." फ्लाइट वेळेवर गेली. मी कंटाळलो होतो, एवढंच. ते खोटं दोन वाक्यांत संपलं. दरडीचं संपेना. कारण काकूंनी लगेच चष्मा लावला.

"कितव्या मैलाला?"

"साडेनऊ."

"डोंगराचं कटिंग किती उंचीचं?"

"असेल... तीस फूट?"

"पाणी कुठून झिरपतं?"

"वरच्या अंगानं," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही.

"वाटलंच," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी नवा कागद अंथरला.

त्यांच्याकडे फोन होता, पण तो मुलाशी बोलायला. आणि घरातल्या माणसानं सांगितलेलं पुन्हा तपासायचं नाही, ही त्यांची रीत होती. फेब्रुवारीभर त्यांनी माझ्या दरडीसाठी भिंत डिझाइन केली. पाणी बाहेर पडायला भोकं, मागे खडीचा थर, वर चर. दर शनिवारी विचारायच्या, "काम सुरू केलं का हो त्यांनी?" मी म्हणायचो, "अजून नाही." त्या हळहळायच्या. मार्च गेला. टेकड्या हिरव्याच्या पिवळ्या होऊ लागल्या. मला शनिवारी छोट्या रस्त्यांवर दीड तासात सुटका मिळत होती, आणि मी स्वतःला सांगत होतो, की हे त्यांच्या मुलासाठी.

मला जे माहीत नव्हतं ते असं, की एप्रिलमध्ये काकूंनी ते ड्रॉइंग स्वच्छ शाईत काढून, सोबत अर्ज लिहून, काउंटीच्या रस्ते विभागाला पोस्टानं पाठवलं. विनामूल्य.

मेच्या सुरुवातीला उत्तर आलं. मी ऑफिसातून आलो तर चहाच्या कपाला टेकवून ठेवलेलं.

"वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. आपण कळवलेल्या ठिकाणी दरड कोसळल्याची आमच्याकडे नोंद नाही. आमचा माणूस प्रत्यक्ष जाऊन पाहून आला. रस्ता पूर्ण खुला आहे, हिवाळ्यातही होता. आपलं ड्रॉइंग ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं. हरकत नसेल तर ते आम्ही इथेच भिंतीवर लावू.

"दरड हटली म्हणे," काकू म्हणाल्या. "आपली आपण."

"काकू..."

"सात वेळा ती भिंत काढली मी. पाया दोनदा बदलला. तुम्ही तेव्हा समोर उभे राहून पोहे खात होतात."

"हो."

"कोणी सांगितलं असं सांगायला?"

आणि मी दुसरं पाप केलं. "तुमच्या मुलानं," मी म्हणालो.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. मुलगा मीटिंगमधून बाहेर आला. "दरड? कसली दरड? मी फक्त समजावा म्हटलं होतं, आई. आय स्वेअर."

दोघंही माझ्या उत्तराची वाट पाहू लागली. मी चहाकडे बघत सगळं सांगितलं. की दरड माझी. की मला त्यांची काळजी कमी आणि माझीच भीती जास्त होती. एकोणीस मैल मला झेपणार नव्हते, आणि एका एकोणसत्तर वर्षांच्या बाईसमोर ते उघडं पडणार होतं. की मला शनिवारी लवकर परत येऊन झोपायचं होतं.

"झोपायचं होतं," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "हिरवळीत जायचं होतं मला. आता ऊन होणार."

फोनमधून मुलगा म्हणाला, "मग आता राहू दे ना आई. पॅकिंग आहे, हीट आहे. नेक्स्ट इयर आपण सगळे येऊ."

"पुढच्या वर्षी मी सत्तर होईन आणि तू चाळीस कारणं देशील. आजपासून तिसऱ्या शनिवारी जातेय. डॉक्टर हो म्हणालेत, हवं तर त्यांना विचार." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यायचं. शेवटपर्यंत."

"शिक्षा म्हणून?"

"छे हो. मला एकटीनं जायची परवानगी नाही ना!"

त्या तीन आठवड्यांत मी रोज ऑफिसच्या आधी सायकल चालवली. काकूंनी नेहमीसारखी चटणी करून दिली, नेहमीसारखं "अहो भाडेकरू" म्हटलं. पण मी काहीही सांगितलं, अगदी दूध संपलंय असं, तरी त्या उठून फ्रिज उघडून बघायच्या. ते मला फार लागायचं. लागायलाच हवं होतं.

त्या शनिवारी सायकली गाडीत घालून आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो आणि सव्वापाचला चढायला सुरुवात केली. दर दोन मैलांना थांबा, अर्धा राजगिऱ्याचा लाडू, पाणी, आणि एकमेकांची नाडी. पहिला टप्पा संपला तेव्हा सूर्य वर आला आणि खाली सगळं खोरं, सनीव्हेलपासून खाडीपर्यंत, एखाद्या सर्किट बोर्डासारखं चमकायला लागलं. काकूंनी तिकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "किती सपाट आहे हो!" कीव आल्यासारखं.

पहिला उतार संपून पुन्हा चढ लागला. साडेनऊ मैलाला त्यांनी ब्रेक लावला. सायकल कुंपणाला टेकवली, रस्ता ओलांडला आणि डोंगराच्या कापलेल्या कडेला तळहात लावला. ठोकून पाहिलं. मी मान खाली घालून उभा.

"इकडे या. हा खडक बघा." त्या हसत होत्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "इथे दरड येणारच नाही. शंभर वर्षं नाही. खोटं बोलायचं तर आधी जागा तरी बघून यायची!"

मी हसलो, आणि मग मला रडू आलं, रस्त्याच्या कडेला, हेल्मेट घालून. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पाणी प्या. अजून निम्मं आहे."

दुसरा उतार जिथे संपतो तिथे ओढ्यावर एक छोटा पूल आहे. पुलापाशी पांढरी भाड्याची गाडी उभी होती आणि गाडीला टेकून काकूंचा मुलगा. रात्रीच्या फ्लाइटनं आला होता. डोळे लाल.

"आई, मानलं तुला," तो म्हणाला. "बारा माइल्स केलेस, इट्स इनफ. पण यापुढे सलग चढ आहे, सहा माइल्सच्या वर. गाडीत बस. मी वर नेतो, फोटो काढू, खाली येऊ. कुणाला कळणार?"

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना विचार, कळतं का ते."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही बोला ना काहीतरी. दमलीय ती. दिसतंय ना तुम्हाला?"

"दमल्यात," मी म्हटलं. "पण प्रत्येक थांब्याला मी त्यांची नाडी मोजलीय. दोन मिनिटांत खाली येते. माझी पाच मिनिटांत येत नाही. त्या वर पोचतील."

"गॅरंटी देता?"

"नाही. पण खरं सांगतोय."

"तुमचं खरं!" तो म्हणाला.

"माहितीय," मी म्हटलं. "तरीही."

तो पुन्हा आईकडे वळला आणि गाडीचं दार उघडून उभा राहिला. काकूंनी त्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"अरे, आमच्या खात्याची जीप असायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साइटवर निघाली की साहेब बसायचे, ओव्हरसियर बसायचे, डबा धरायला शिपाई बसायचा. मी खिडकीतून ड्रॉइंगची गुंडाळी द्यायची. म्हणायचे, बाई, तुम्ही कागदावरच बऱ्या. तीस वर्षं मला कुणी गाडीत घेतलं नाही. आणि आज मी माझ्या पायांनी इथवर आले, तर तू दार उघडून उभा आहेस."

ओढ्याला थोडं पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. मुलानं हे कधी ऐकलेलं नसावं. त्यानं दार लावलं. गाडीला वळसा घालून गेला, थंड पाण्याची बाटली आणली, आईच्या सायकलवरची अर्धी रिकामी बाटली काढून ती तिथे बसवली. मग वाकून मागचा टायर दाबून पाहिला.

"मी मागे राहीन," तो म्हणाला. "हॉर्न नाही वाजवणार."

पुढचे सहा मैल आमची वरात अशी होती. पुढे काकू, मागे मी, त्यामागे चारी दिवे लुकलुकवत गाडी. घुमटं एका वळणावर दिसायची, पुढच्या वळणावर दडायची, पुन्हा दिसायची ती तेवढीच लांब. काकू वर बघतच नव्हत्या. त्या रस्ता बघत होत्या, समोरचे दहा फूट, आणि प्रत्येक वळणावर पुटपुटत होत्या, "वा. वा रे पठ्ठ्या." दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला.

सतराव्या मैलाला माझ्या मांडीत गोळा आला. मी उतरलो.

"थांबू?" काकूंनी न वळता विचारलं.

"नका थांबू!" मी ओरडलो. मुलगा गाडीतून माझ्याकडे बघत होता. मी हातानंच त्याला पुढे जा म्हटलं. सायकल ढकलत मी चालू लागलो आणि ती लोखंडी सायकल, तो कुर्ता, ती दोन काळी रबरं वळणावळणानं वर जाताना बघत राहिलो. माझ्या छातीत जे होत होतं तो दम नव्हता. कोणीतरी जिंकत होतं, आणि ते माझ्या खोट्याला पुरून उरलं होतं.

मी पोचलो तेव्हा काकू कठड्यावर बसून एका पायातला बूट काढत होत्या. भोवती चिकटलेल्या कपड्यांतले पाच-सहा सायकलवाले. मुलगा जरा बाजूला, दोन्ही हात डोक्यावर ठेवून, चेहरा भिजलेला.

"हाऊ ओल्ड आर यू, मॅम?" एकानं विचारलं.

"सिक्स्टी नाइन. अँड यू?"

"थर्टी टू."

"गुड," काकू म्हणाल्या. "यू हॅव टाइम."

ते सगळे हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्यांना केळं दिलं. मी बाजूला जाऊन टेक्ससला फोन लावला आणि मुलीला सांगितलं, की त्या दिवशी फ्लाइट कॅन्सल झाली नव्हती. मी आलो नाही. ती म्हणाली, "आय न्यू, बाबा. आय चेक्ड." आणि थोड्या वेळानं, "थँक्स फॉर टेलिंग मी."

"आई, आता तरी सायकल गाडीत घालू?" मुलानं विचारलं.

"घाल. यांची घाल," काकू म्हणाल्या. "आणि यांनाही घाल. यांचा पाय गेलाय."

म्हणून उतरताना मी गाडीत होतो, मुलाच्या शेजारी. पुढे काकू, बोटं ब्रेकवर, पाठ ताठ. तो पन्नास फुटांचं अंतर राखून, दिवे लुकलुकवत, आईच्या मागून चालवत होता. गाडीत त्या दिव्यांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

दोनेक मैलांनंतर रस्त्याच्या कडेला, मंद वाहनांनी थांबून मागच्यांना वाट द्यावी म्हणून मोकळी जागा आहे. काकू तिथे वळल्या, थांबल्या, एक पाय जमिनीवर टेकवला आणि हातानं आम्हाला पुढे जायची खूण केली. त्यानं गाडी त्यांच्या मागे थांबवली. त्यांनी पुन्हा हात हलवला, या वेळी जोरात. त्यानं काच खाली केली.

"तू हो पुढे, आई. मी आहे मागे."

"आहेस ते दिसतंय. म्हणूनच सांगतेय, जा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं हात पुढे करून लाल बटण दाबलं. टिकटिक थांबली. "खाली भेटू गं," तो म्हणाला, आणि गाडी हळूहळू आईच्या शेजारून पुढे गेली.

त्यानं आरशात पाहिलं नाही. मी मात्र मान वळवून पाहिलं. काकूंनी पाय उचलून पेडलवर ठेवला होता, आणि त्या सबंध रस्त्यावर त्यांच्याखेरीज कोणीही नव्हतं.